कढी आणि पिठल्याच्या मधोमध

मोहिंगा घरी करायचा म्हटलं की पहिली धांदल बाजाराची होते. गवती चहाचे जाड बुंधे कुठे मिळतील, फिश सॉस कोणता घ्यावा, केळीचा गाभा कोण विकतं, मागूर नसेल तर कोणता मासा चालेल, अशी यादी होते आणि ती पुरी होईपर्यंत निम्मा उत्साह संपलेला असतो. मग वेळ उरत नाही म्हणून डाळीचं पीठ पाण्यात कालवून घाईनं रश्श्यात ओतलं जातं, दहा मिनिटं उकळी काढली की झालं असं समजलं जातं, आणि वाडग्यात जे येतं ते पिवळं, पिठाळ आणि माशाच्या उग्र वासाचं असतं. दोष मात्र न मिळालेल्या वस्तूंच्या माथी जातो. माझं म्हणणं याच्या उलट आहे. ब्रह्मदेशातला हा शेवयांचा रस्सा उभा असतो तो त्याच्या दाटपणावर, आणि तो दाटपणा मासा, भाजलेलं हरभऱ्याचं पीठ आणि भाजलेला तांदूळ या तिघांतून, आपापल्या वेळी, सावकाश बांधावा लागतो. यातली एकही वस्तू दुर्मीळ नाही. घरी मोहिंगा करणाऱ्यानं आपला वेळ आणि जीव बाजार पालथा घालण्यात घालवू नये, तो कढईपाशी खर्च करावा.

पदार्थ मुळात काय आहे ते आधी पाहू. यांगोनमध्ये किंवा इरावतीच्या त्रिभुज प्रदेशातल्या कुठल्याही गावात पहाटे रस्त्याच्या कडेला ठेंगणी स्टुलं मांडलेली असतात आणि एका मोठ्या पातेल्यात रस्सा रटरटत असतो. वाडग्यात तांदळाच्या बारीक, मऊ शेवया घालतात, त्यावर दोन पळ्या रस्सा, आणि वर कुरकुरीत भजी आणि उकडलेलं अंडं कात्रीनं कापून टाकतात. कोथिंबीर, लिंबाची फोड, भाजलेल्या मिरचीचा चुरा ज्यानं त्यानं आपल्या हातानं घ्यायचा. पूर्वी ही सकाळची न्याहारी होती, आता दिवसभर खातात. देशाचा राष्ट्रीय पदार्थ म्हणून नाव घ्यायचं झालं तर बहुतेक माणसं याचंच घेतील. तांदूळ आणि गोड्या पाण्यातला मासा ही त्रिभुज प्रदेशाची देणगी. हरभरा मात्र तिथला नाही. तो सगाईंग, मंडाले, मग्वे या मधल्या कोरड्या पट्ट्यात पिकतो. म्हणजे एकाच वाडग्यात त्या देशाची ओली आणि कोरडी जमीन भेटते. हरभऱ्याला बर्मी भाषेत जे नाव आहे, कलापे, त्याचा जुना अर्थच परदेशी, विशेषतः हिंदुस्थानी माणसाची डाळ असा. आपल्याला ब्रह्मदेश म्हटलं की टिळकांचा मंडालेचा तुरुंग आठवतो, नाहीतर तिकडचा शेवटचा राजा जिथे राहिला तो रत्नागिरीतला थिबा राजवाडा. त्या देशाच्या सकाळच्या जेवणाचा कणा आपल्या डब्यातलं बेसन आहे, हे आपल्या जाणिवेत कुठेच नसतं.

आता दाटपणाकडे. पाककृतींमध्ये तो एका ओळीत उरकलेला असतो: पीठ पाण्यात कालवून घाला आणि घट्ट होऊ द्या. या एका ओळीत तीन वेगवेगळी कामं दडलेली आहेत. पहिलं काम माशाचं. मासा हळद, आलं आणि गवती चहा घालून उकडायचा, गार झाल्यावर काटे काढायचे, पाणी गाळून बाजूला ठेवायचं. काटे आणि डोकं टाकून द्यायचं नाही. ते ठेचून थोड्या पाण्यात पुन्हा उकळून, बारीक चाळणीतून गाळून घेतलं की रश्श्याला चिकटसर अंग येतं. मग कांदा, लसूण, आलं, सुक्या मिरच्या आणि गवती चहाचा कोवळा बुंधा वाटून तेलात परतायचा आणि त्यात कुस्करलेला मासा घालून पुन्हा परतायचं. किती परतायचं याला बर्मी स्वयंपाकात एक शब्द आहे, सी-ब्यान. अर्थ, तेल परत येणं. आपण ‘तेल सुटेपर्यंत’ म्हणतो तेच. वाटणातलं आणि माशातलं पाणी आटलं की आत मुरलेलं तेल कडेनं पुन्हा दिसू लागतं. त्या वेळेपर्यंत माशाचा ओला वास गेलेला असतो आणि मांसाचे तंतू इतके सुटे झालेले असतात की पुढे रश्श्यात ते तुकडे म्हणून राहत नाहीत, पाण्यातच पसरतात. हा दाटपणाचा पहिला थर. तो जिभेला पीठ म्हणून जाणवत नाही, पण नुसत्या पाण्यापेक्षा रस्सा जड झालेला असतो. इथे घाई केली तर पुढचं कितीही चांगलं पीठ ती उणीव भरून काढत नाही. पिठाळ रश्श्यात माशाचे वेगळे, चिवट कण लागतात आणि दोन्ही एकमेकांशी बोलत नाहीत.

दुसरं काम बेसनाचं, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. कच्च्या बेसनाला हिरवट, शेंगेसारखा वास असतो आणि जिभेवर मागे किंचित कडसरपणा राहतो. तो वास पाण्यात उकळून कमी होतो, पण पुरता जात नाही. माशाच्या रश्श्यात तर तो अधिकच खटकतो, कारण माशाचा वास आणि कच्च्या डाळीचा वास दोन्ही हिरवट अंगाचे आहेत आणि एकमेकांना वाढवतात. म्हणून पीठ आधी कोरडं भाजायचं. बेसनाचा लाडू करणाऱ्या हाताला यात नवीन काही शिकायचं नाही, फक्त तूप नाही एवढाच फरक, आणि तूप नसल्यामुळे पीठ जास्त लवकर करपतं. जाड बुडाची कढई, मंद आच, सतत हलवणं. साठ-सत्तर ग्रॅम पिठाला दहा-बारा मिनिटं सहज लागतात. आधी वास काहीच येत नाही, मग कच्चा येतो, मग मध्येच एका क्षणी तो खमंग होतो आणि रंग पिवळ्यावरून किंचित तांबूस वाळूसारखा व्हायला लागतो. तिथे थांबायचं आणि पीठ लगेच ताटात काढायचं, कारण कढईची ऊब पुढेही भाजत राहते. लाडवासाठी आपण जितकं पुढे जातो तितकं इथे जायचं नाही, आणि याला कारण चवीपेक्षा वेगळं आहे. पिठातला स्टार्च कोरड्या उष्णतेनं तुटतो. त्याच्या लांब साखळ्या आखूड होतात आणि पाणी धरून ठेवण्याची त्यांची ताकद घटते. फार भाजलेलं पीठ खमंग लागतं, पण रस्सा दाट करत नाही. मग माणूस आणखी पीठ घालतो आणि रस्सा कडवट होत जातो. खमंगपणा आणि पकड या दोहोंमध्ये जिथे तडजोड होते ती जागा रंगानं सांगता येते, पण नाकानं जास्त खात्रीनं कळते.

तिसरं काम तांदळाचं. मूठभर कच्चे तांदूळ, न भिजवता, तांबूस होईपर्यंत भाजायचे आणि दळायचे. ही आपली भाजणीच आहे, एका धान्याची. तांदूळ आणि बेसन दोन्ही घालायची गरज काय, नुसत्या बेसनानं भागणार नाही का, असा प्रश्न पडतो, आणि अनेक जण नुसत्या बेसनावर भागवतातही. फरक पोतात दिसतो. बेसनात पाचव्या हिश्श्याहून अधिक प्रथिनं असतात. ती माशाच्या चरबीला आणि परतलेल्या तेलाला धरून ठेवतात, म्हणून रश्श्याला मऊ, दुधाळ अंग येतं आणि तेल वर तवंग होऊन सुटत नाही. तांदळाचं पीठ चरबीला तसं धरत नाही, पण ते स्वच्छ, थोडं चिकट अंग देतं आणि शेवयांना रस्सा लपेटून ठेवतं. शिवाय शेवयाही तांदळाच्याच, त्यामुळे रश्श्याची आणि शेवयांची चव एका कुळातली वाटते. नुसतं बेसन वापरलं तर दाटपणा येतो खरा, पण तोंडात मागे कोरडेपणा राहतो. नुसता तांदूळ वापरला तर पेज होते. माझं माप दोन भाग बेसन आणि एक भाग तांदूळ असं आहे, आणि ते माप म्हणजे नियम नव्हे. माशात चरबी जास्त असेल तर बेसन थोडं वाढवलेलं चांगलं.

किती दाट, हा प्रश्न मराठी स्वयंपाक्याला इतरांपेक्षा सोपा जायला हवा, कारण आपल्याकडे डाळीच्या पिठानं दाट होणाऱ्या पदार्थांची अख्खी पट्टी आहे. कढीला लिटरभर ताकात दोन-तीन चमचे बेसन पुरतं. साधारण वीस-पंचवीस ग्रॅम. पातळ पिठल्याला तेवढ्याच पाण्यात सव्वाशे ग्रॅमच्या आसपास लागतं. मोहिंगा या दोहोंच्या मधोमध, कढीच्या अंगाला जरा झुकून बसतो: लिटरभर रश्श्याला दोन्ही पिठं मिळून चाळीस-पन्नास ग्रॅम. हे माप पहिल्यांदा कमी वाटतं, कारण पीठ घालून पंधरा मिनिटं झाली तरी रस्सा पातळच दिसतो. इथे धीर सुटतो आणि आणखी पीठ पडतं. खरं तर साधारण ६५ ते ७५ अंश सेल्सिअसला स्टार्चचे दाणे फुगू लागतात, पण पुरतं शिजायला, कच्ची चव जायला आणि मासा, तेल, पीठ यांचं एक अंग व्हायला मंद आचेवर तासभर तरी लागतो. पहिल्या उकळीला पातळ दिसणारा रस्सा तासाभरानं पळीच्या पाठीवर थर धरतो, आणि वाडग्यात जरा गार झाला की आणखी दाटतो. हे लक्षात घेऊन तो चुलीवर असताना हवा त्याहून जरा सैलच ठेवायचा. शेवयाही पाणी पितात. बुडाला लागणं हा या तासाभरातला खरा धोका आहे. पीठ तळाशी बसतं, करपतं आणि तो करपट वास मग कशानंही जात नाही. लाकडी उलथन्यानं तळ खरवडत राहणं यापलीकडे त्यावर उपाय नाही, आणि तळ लागलाच तर न ढवळता वरचा रस्सा दुसऱ्या पातेल्यात ओतून घ्यावा.

इथे कोणी विचारेल की एवढा खटाटोप कशाला, कॉर्नफ्लोअर घातलं की दोन मिनिटांत रस्सा दाट होतो. होतो, आणि काही पदार्थांत तो तसाच व्हायला हवा. फिलिपिन्समधल्या बातांगास प्रांतातली लोमी घ्या. जाड अंड्याच्या शेवया आणि स्टार्चनं मुद्दाम लगद्यासारखा घट्ट केलेला रस्सा, वर फेटलेलं अंडं. तिथे तो गुळगुळीत, चिकट दाटपणा हीच त्या पदार्थाची ओळख आहे. मलेशिया आणि सिंगापूरमधल्या मी रबुसमध्ये रताळं शिजवून, कुस्करून रश्श्यात घालतात. त्यामुळे दाटपणाबरोबर गोडवा येतो आणि त्यावर हिरवी मिरची आणि लिंबू खुलतं. पेनांगची आसाम लाक्सा पीठ वापरतच नाही. चिंचेच्या आंबट रश्श्यात बांगड्याच्या जातीचा मासा इतका कुस्करून घालतात की मासाच रश्श्याचं अंग होतो. मोहिंगा धरून एकाच भूभागातले हे चार पदार्थ चार वेगळ्या वस्तूंनी दाट होतात, आणि प्रत्येकात वस्तू बदलली तर पदार्थ बदलतो. रताळ्याऐवजी बेसन घातलेलं मी रबुस हे मी रबुस राहत नाही. म्हणून दाट करणारी वस्तू ही सोय असते, तिच्या जागी दुसरी कुठलीही चालते, हा समज मला चुकीचा वाटतो. कॉर्नफ्लोअरला स्वतःची चव नाही. त्याचा दाटपणा चकचकीत आणि नाजूक असतो, दीर्घ उकळीत आणि आंबटात तो सैल पडतो. मोहिंग्याला तासभर मुरायचं असतं आणि शेवटी त्यात लिंबू पिळायचं असतं. दोन्ही गोष्टी त्याच्या विरुद्ध जातात.

दुसरा आक्षेप नारळाच्या दुधाचा. मुंबईतल्या लग्नाच्या जेवणावळीत आणि हॉटेलांत ‘खाऊ स्वे’ म्हणून जे मिळतं ते नारळाच्या दुधातलं असतं, आणि ते खाल्लेला माणूस सहज म्हणेल की आपल्याकडे नारळ आहे, पीठ कशाला. त्या पदार्थाचं मूळ बर्मी रूप ओनो खाउस्वे. ओनो म्हणजे नारळाचं दूध, खाउस्वे म्हणजे शेवया. १९३७ पर्यंत ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग होता, तिथे लाखो हिंदी माणसं होती. १९४२ च्या जपानी स्वारीत आणि पुन्हा १९६२ च्या लष्करी सत्तांतरानंतर ती परतली आणि येताना हा पदार्थ घेऊन आली. सुरतेत त्याचा खावसा झाला, चेन्नईच्या बर्मा बाजारात अथो नावाच्या बर्मी शेवया आजही मिळतात. पण नारळाच्या दुधाच्या या रश्श्यातही मुळात बेसन असतं. ते काढून टाकणाऱ्याला लवकरच कळतं की ते का होतं. नारळाचं दूध म्हणजे पाण्यात विखुरलेली चरबी. फार उकळलं की ती सुटते, वर तेल आणि खाली पाणी. बेसन त्या चरबीला आणि पाण्याला एकत्र बांधून ठेवतं, म्हणून रस्सा उकळला तरी फुटत नाही. म्हणजे नारळ दाटपणाला पर्याय ठरत नाही, त्यालाच आधाराची गरज पडते. मोहिंग्यात तर यांगोनकडे नारळ नसतोच. तो घातला तर माशाची आणि भाजलेल्या पिठाची चव त्याच्या गोडव्याखाली दबते. कोकणातल्या माणसाला हे पचायला जड जाईल, कारण तांदळाच्या शेवया आणि नारळाचा रस ही जोडी त्याच्या घरची आहे. मालवणकडच्या शिरवाळ्या सोऱ्यातून गरम पिठाच्या पाडून गुळाच्या नारळरसात खातात, तशाच मोहिंग्याच्या शेवयाही चाळणीच्या भोकांतून दाबून काढतात. फरक एवढाच की त्यांचं पीठ पारंपरिक रीतीत आंबवलेलं असतं, त्यामुळे किंचित आंबूस चव येते. ताज्या शिरवाळ्या या रश्श्याला बाजारातल्या वाळवलेल्या शेवयांहून जास्त शोभतात असं माझं मत आहे. त्या मऊ असतात आणि रस्सा शोषून घेतात. पण फार वेळ रश्श्यात राहिल्या तर तुटतात. वाडग्यात आयत्या वेळी घालाव्यात.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. गवती चहा, केळीचा गाभा, फिश सॉस यांना दुय्यम म्हणणं म्हणजे दुसऱ्याच्या पदार्थाची मोडतोड करून त्याला आपलं नाव देणं नाही का? या आक्षेपात तथ्य आहे, आणि त्याला अर्धवट उत्तर देऊन चालणार नाही. फिश सॉस किंवा ङापी, म्हणजे मीठ घालून मुरवलेल्या माशाचा किंवा कोळंबीचा लगदा, यातून येणारी खोल, खारी चव दुसऱ्या कशानं पुरती येत नाही. मीठ वाढवून ती मिळत नाही. भाजून कुटलेला जवळा काही अंशी जवळ नेतो, आणि कोकणात ज्याला सुकटीची सवय आहे त्याला तो वास ओळखीचा वाटेल. तरी तो मुरलेला नसतो, वाळवलेला असतो, आणि हा फरक जिभेला कळतो. म्हणून फिश सॉसची बाटली आणावी, एवढं मी मान्य करतो. आता ती कुठल्याही मोठ्या शहरात मिळते आणि वर्षभर टिकते. गवती चहाबद्दल मात्र अडून बसण्यासारखं काही नाही. परसात जी पात आपण चहात घालतो तिचाच बुंधा लागतो. आपल्या बेटांचे बुंधे बारीक असतात, म्हणून तीनऐवजी सात-आठ घ्यावे, बाहेरचे रखरखीत पापुद्रे काढून आतला कोवळा भाग वाटावा आणि पात जुडी बांधून मासा उकडताना टाकावी. केळीचा गाभा आपल्याकडेही खातात, आणि तो नीट करणं हे कौशल्याचं काम आहे. चकत्या करताना त्यातून कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू निघतात, ते सुरीच्या टोकावर किंवा बोटावर गुंडाळून काढायचे, आणि काळा पडू नये म्हणून चकत्या मिठाच्या किंवा ताकाच्या पाण्यात टाकायच्या. गाभ्याला स्वतःची चव फार नसते. तो दाट रश्श्यात दाताखाली ओलसर कुरकुरीतपणा देतो. नाही मिळाला तर रश्श्यात अख्खे छोटे कांदे शिजवावेत, ते तसेही त्यात घालतातच.

म्हणजे माझा दावा असा होतो: चव देणाऱ्या वस्तूंपैकी एखादी नसेल तर मोहिंगा थोडा फिका होतो. दाटपणा चुकला तर तो मोहिंगा उरत नाही. याचा पुरावा खुद्द म्यानमारमध्ये आहे. प्रांताप्रांतात चवीच्या वस्तू बदलतात. कुठे मासा मागूरऐवजी मरळ, कुठे गाभा नसतो, कुठे लसूण जास्त. या सगळ्यांना लोक मोहिंगाच म्हणतात. पण राखाइन किनाऱ्यावर मासा आणि तांदळाच्या शेवया याच दोन वस्तू घेऊन मिरीचा, ङापीचा, पातळ आणि झणझणीत रस्सा करतात, आणि त्याला मोंदी असं वेगळं नाव आहे. अर्थात यावर कोणी म्हणेल की नावं इतिहासानं पडतात, पाककृतीच्या तर्कानं पडत नाहीत. खरं आहे. तरी खाणारी माणसं कुठला फरक क्षम्य मानतात आणि कुठल्या फरकाला नवं नाव देतात, यात पदार्थाविषयीची त्यांची समज दिसते.

मराठी हाताला यात एक वेगळाच मोह आवरावा लागतो. बेसन, हळद, लसूण आणि मिरची एकत्र आली की हात आपोआप मोहरी-हिंगाच्या डब्याकडे जातो, आणि एकदा ती फोडणी पडली की वाडग्यात पिठलं आणि शेवया येतात. पिठलं थोर आहे, पण ते दुसरं काही आहे. पिठल्याची चव फोडणीतून, वरून येते. मोहिंग्याची चव तळातून, परतलेल्या माशातून वर येते, आणि वर पडणाऱ्या गोष्टी रश्श्यात शिजत नाहीत. लिंबू, मिरचीचा चुरा, कोथिंबीर, तळलेला लसूण आणि कुरकुरीत भजी ही सगळी वाडग्यातच पडतात. त्यामुळे मऊ, दाट, संथ रश्श्यावर तिखट, आंबट, कुरकुरीत असा दुसरा थर बसतो, आणि प्रत्येक घासात त्यांचं प्रमाण वेगळं असतं. गरम मसाला, जिरेपूड, धणेपूड यातलं काहीही घालू नये. मिरपूड मात्र चालते, नव्हे हवीच. भज्यांसाठी दुधी भोपळ्याच्या पट्ट्या तांदळाच्या पिठात बुडवून तळतात, किंवा भिजवलेल्या वाटाण्याच्या डाळीचे पातळ, जाळीदार वडे करतात. कांदाभजी चालतात का? चालतात, पण ती पीठ कमी लावून, कडक तळलेली हवीत. मऊ भजी दाट रश्श्यात पडली की सगळंच मऊ होतं आणि जेवणाला धार राहत नाही.

उरतो एक व्यवहारी आक्षेप. हा रस्त्यावरचा पदार्थ आहे, शंभर माणसांच्या पातेल्यात शिजणारा; तो चार माणसांच्या घरात करण्यात अर्थ काय? मोठ्या पातेल्याला दोन फायदे असतात हे कबूल. ते तासन्‌तास चुलीवर राहतं, आणि त्याचं बाष्प त्याच्या आकारमानाच्या मानानं कमी उडतं, म्हणून दाटपणा स्थिर राहतो. छोट्या पातेल्यात पाणी झपाट्यानं आटतं. पण त्या देशात हा पदार्थ घरांतही होतो. दानाच्या, समारंभाच्या दिवशी येणाऱ्या प्रत्येकाला मोहिंगा वाढण्याची रीत आहे आणि त्यासाठी नातेवाईक आदल्या दिवसापासून राबतात. म्हणून घरी करायचा तर तो आठ-दहा माणसांचाच करावा, असं मी सुचवीन. दीड किलो मासा, चार लिटर रस्सा, पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास भाजलेली पिठं. झाकण अर्धवट ठेवावं, आणि शेजारी किटलीत उकळतं पाणी असावं. गार पाणी घातलं की उकळी मोडते. मासा निवडताना गोड्या पाण्यातला घ्यावा. विदर्भ-मराठवाड्यात मरळ जिवंत मिळतो, तो उत्तम. थाई मागूर या नावानं विकला जाणारा परदेशी मासा पाळण्यावर भारतात बंदी आहे, तो घेऊ नये. किनाऱ्यावर शिंगाळा चालतो. जे मासे खात नाहीत त्यांना मी हा रस्सा अळंबी आणि मसूर शिजवून करण्याचा सल्ला देणार नाही. पीठ तेच, पण दाटपणाचा पहिला थरच त्यात नसतो. त्यांनी ओनो खाउस्वेच्या वाटेनं जावं. तिथे चरबी नारळाची असते आणि बेसनाला धरायला काही तरी मिळतं.

रस्सा उरला तर तो दुसऱ्या दिवशी फ्रिजमध्ये जेलीसारखा बसलेला दिसतो, आणि पीठ नीट शिजलं होतं की नाही हे त्या बसण्यावरून कळतं. एकसंध, थरथरणारा, सुरीनं कापता येईल असा बसला असेल तर काम झालं होतं. वर पाणी सुटून खाली पिठाचा वेगळा थर बसला असेल तर तासभर पुरला नव्हता. पुन्हा तापवताना त्यावर कढत पाणी थोडं थोडं घालत, रवीनं न घुसळता पळीनं सैल करत न्यावा. उकळी आली की चव घेऊन फिश सॉस घालावा, कारण पाण्यानं खारटपणा उतरलेला असतो. लिंबू मात्र पातेल्यात पिळू नये. ज्याचं त्यानं वाडग्यात, भजी घालण्याच्या आधी.